कांद्याच्या सालीचा रंग
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कांदा चिरताना वरची कोरडी, तांबूस साल आपण केरात टाकतो. रशिया, युक्रेन, ग्रीस, आर्मेनिया या देशांत मात्र ईस्टरचा सण जवळ आला की घरोघरी ही साल पिशवीत साठवायला सुरुवात होते. सणाला अंडी रंगवायची असतात आणि तो रंग या सालीतून निघतो. आज या रंगाविषयीच थोडे सांगायचे आहे. राजवाड्यातल्या रत्नजडित अंड्यांना जे साधले नाही, ते या केराने साधले, अशी ही हकिगत आहे.

सणाशी अंड्याचा संबंध आला कसा? ईस्टर हा येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण. त्याआधी चाळीस दिवसांचा उपवास असतो. मध्ययुगीन युरोपात या उपवासात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य मानली जात. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स पंथात ती आजही वर्ज्य आहेत. पण कोंबड्यांना उपवास कोण सांगणार? त्या अंडी घालतच राहत. सणापर्यंत घरात अंड्यांचा साठा होई आणि उपवास सुटताना पहिला मान त्यांना मिळे. अंडी लाल का रंगवायची, याचे उत्तर श्रद्धाळू माणूस देतो की तो ख्रिस्ताच्या रक्ताचा रंग आहे. मेरी मॅग्डालीनने रोमन सम्राट टायबेरियसपुढे अंडे धरले आणि ते लाल झाले, अशी आख्यायिकाही सांगतात.

ही चाल केवळ ख्रिस्ती घरांपुरती नाही, हेही सांगायला हवे. इराणात नववर्षाच्या, म्हणजे नवरोजच्या मेजावर रंगवलेली अंडी मांडतात. मुंबईतल्या पारशी-इराणी घरांतही जमशेदी नवरोजच्या मांडणीत ती दिसतात.

जुन्या कागदपत्रांत या अंड्यांचा शोध घेतला तर गाठ पडते ती राजेरजवाड्यांशी. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या घरखर्चाच्या हिशेबात ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स खर्ची पडल्याची नोंद आहे. ती रंगवून, सोन्याचा वर्ख लावून ईस्टरला वाटायची होती. राजाच्या कारकुनाने हिशेब लिहिला म्हणून आपल्याला ते कळले. गरिबाच्या घरचे अंडे कोण लिहून ठेवणार? ते रंगवले, चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतला, सोलून खाल्ले आणि टरफल टाकून दिले. मागे पुरावा राहिला नाही. राहिली ती फक्त कृती, आईच्या हातून मुलीच्या हाती आलेली.

कृती तशी सोपी. भांडेभर साली पाण्यात अर्धा तास उकळायच्या. पाणी गडद झाले की निवू द्यायचे, त्यात थोडे व्हिनेगार घालायचे आणि पांढरी अंडी त्यात सोडून पुन्हा उकडायची. अंडे आधी पिवळसर होते, मग नारिंगी, आणि तसेच रात्रभर ठेवले तर विटकरी. कोथिंबिरीसारखे एखादे नक्षीदार पान अंड्यावर ठेवून वरून पातळ कापड घट्ट बांधले, तर तेवढ्या जागी पानाचा फिका ठसा उमटतो. शेवटी तेलाचा हात फिरवला की चकाकी येते. यामागे शास्त्रही आहे. अंड्याचे कवच सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे जवळजवळ खडूच. व्हिनेगार ते किंचित खरवडते आणि सालीतल्या क्वेर्सेटिन नावाच्या पिवळ्या द्रव्याला व त्याच्या सोबत्यांना धरायला जागा मिळते. हळदीच्या पाण्यात अंडे पिवळे होते हे नवल नाही. पण जांभळ्या कोबीच्या पाण्यातून काढलेले पांढरे अंडे चक्क निळे निघते! हळदीला चुना लागला की ती लाल होते हे आपल्या घराघरात ठाऊक आहे. कोबीचा रंगही असाच आंबट-खाऱ्याप्रमाणे पालटतो.

१८५६ साली विल्यम पर्किनने लंडनमध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला आणि बाजाराचे चित्र बदलले. १८८०च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यूअर्क गावचा औषधविक्रेता विल्यम टाऊनली खास अंड्यांसाठी रंगाच्या पुड्या विकू लागला. पाण्यात पुडी टाका, रंग तयार. साली साठवण्याचे कारणच उरले नाही, आणि अनेक घरांतून ही कृती नाहीशी झाली.

रशियात निराळेच घडले. १८८५ साली झार तिसऱ्या अलेक्झांडरने महाराणीला सणाची भेट म्हणून सोनार फाबर्जेकडून एक अंडे करून घेतले. वरून पांढरी मीनाकारी, आत सोन्याचा बलक, त्याच्या आत सोन्याची कोंबडी. १९१६पर्यंत राजघराण्याला अशी पन्नास अंडी पोचली. १९१७ साली क्रांती झाली. फाबर्जे देशाबाहेर पळाला आणि १९२० साली परमुलखात वारला. पुढे परकीय चलनासाठी सोव्हिएत सरकारने त्यांतली कित्येक अंडी परदेशांत विकून टाकली.

१९२९च्या कायद्याने धार्मिक संस्थांचे हातपाय बांधले गेले. चर्च बंद पडली, पाद्री तुरुंगात गेले. ईस्टरसाठी म्हणून रंगाच्या पुड्या सरकारी दुकानात मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पण कांदा मिळत होता. साली कोण साठवतो आहे, हे कोणत्या शिपायाने आणि कसे तपासावे? आज्या साली उकळत राहिल्या. ईस्टरनंतर नवव्या दिवशी, मंगळवारी, आप्तांच्या कबरीवर रंगवलेले अंडे ठेवण्याची रीतही टिकली. ज्यांच्या घरात प्रार्थना कोणालाच येत नव्हती, त्यांनाही साल किती वेळ उकळायची हे माहीत होते.

युक्रेनमध्ये अशा एकरंगी, खायच्या अंड्याला क्राशान्का म्हणतात. कच्च्या अंड्यावर मेणाने नक्षी काढून, पुन्हा पुन्हा रंगात बुडवून केलेले अंडे म्हणजे पिसान्का. कोलोमिया गावात २००० साली पिसान्काचे संग्रहालय उघडले. त्याची इमारतच अंड्याच्या आकाराची आहे. युद्ध चालू असतानाच, २०२४च्या डिसेंबरात, युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली. साधी क्राशान्का संग्रहालयात ठेवता येत नाही, कारण ती खायची असते. ती टिकवायची तर दरवर्षी कोणीतरी चूल पेटवून साली उकळायला हव्यात. एक पिढी विसरली, तर सांगणारा कोणी उरत नाही. रशिया-युक्रेनच्या आज्यांनी सत्तर वर्षांत ते विसरू दिले नाही.