वनस्पती तेलांपासून जैवइंधन : उत्प्रेरकांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
वनस्पती तेलावर इंजिन चालविण्याची कल्पना जवळजवळ डिझेल इंजिनाइतकीच जुनी आहे. इ.स. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखविले. परंतु असे तेल खनिज डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट असल्याने ते नीट फवारले जात नाही व इंजिनात काजळी साचते. हा दाटपणा कमी करण्याच्या प्रयत्नांत उत्प्रेरकांना महत्त्व आले. तेलाची निवड व उत्प्रेरकाची निवड यांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक टप्पे :
१९३७ मध्ये ब्रुसेल्स विद्यापीठातील जी. शावान यांना पाम तेलाचे एस्टरमध्ये रूपांतर करण्याच्या पद्धतीबद्दल बेल्जियमचे पेटंट मिळाले. त्यात आम्ल उत्प्रेरकाचा वापर होता. बेल्जियन काँगो या वसाहतीत पाम तेल विपुल होते, ही या संशोधनाची पार्श्वभूमी होय. १९३८ मध्ये या इंधनावर ब्रुसेल्स-लूव्हेन मार्गावर प्रवासी बस धावली. दुसऱ्या महायुद्धात इंधनटंचाई भोगणाऱ्या चीनने टुंग तेलाच्या भंजनातून मोटारींसाठी इंधन मिळविले. १९७९ मध्ये मोबिल कंपनीच्या संशोधकांनी झेडएसएम-५ या झिओलाइटच्या साहाय्याने मका व एरंडेल तेलापासून पेट्रोलसदृश हायड्रोकार्बन तयार केल्याचे प्रसिद्ध केले.

भारतीय संदर्भ :
पुढे उद्योगात सोडियम हायड्रॉक्साइडसारखे स्वस्त अल्कली उत्प्रेरक रूढ झाले. ते शुद्ध खाद्यतेलास योग्य असले, तरी मुक्त मेदाम्ले अधिक असलेल्या तेलात त्यांच्यामुळे साबण तयार होतो. भारतात खाद्यतेल आयात करावे लागत असल्याने जट्रोफा, करंज यांसारख्या अखाद्य तेलांवर भर देण्यात आला आणि त्यांत नेमकी हीच अडचण येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला लोह-जस्त द्विधातू सायनाइड हा घन आम्ल उत्प्रेरक या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

तथापि, २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणातील २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट जैवडिझेलच्या बाबतीत साध्य झाले नाही. जट्रोफाचे उत्पन्न अपेक्षेपेक्षा कमी आले. २०१८ च्या धोरणाने २०३० साठी ५ टक्के जैवडिझेल मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवून वापरलेल्या खाद्यतेलासही कच्चा माल म्हणून स्थान दिले.

समारोप :
तळणीच्या तेलातही मुक्त मेदाम्ले वाढलेली असतात. त्यामुळे घन आम्ल उत्प्रेरकांची उपयुक्तता कायम राहते. मात्र उत्प्रेरक तेलाचे रूपांतर घडवितो, तेल पिकवीत नाही. जमीन, पाणी व शेतकऱ्याचा मोबदला यांचा विचार प्रयोगशाळेतील संशोधनाबरोबरच झाला पाहिजे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.