रिसीव्हर आणि घड्याळ

अमेरिकी फुटबॉलमध्ये कॉलेजच्या खेळाडूंची निवड करणारा ड्राफ्ट 1936 पासून चालत आला आहे. पण वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, जोखताना पुढे 40 यार्डांच्या धावेचे घड्याळ जरा जास्तच मानाला चढले. 1985 चा ड्राफ्ट पाहा. रिसीव्हरांपैकी अल टून दहावा, एडी ब्राउन तेरावा आणि जेरी राइस सोळावा. राइस मिसिसिपी व्हॅली स्टेट या लहान कॉलेजचा. प्रतिस्पर्धी दुबळे, म्हणून त्याचे आकडे फुगलेले, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता; शिवाय त्या हंगामात सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला तो ब्राउनच. पण घड्याळ सरळ रेषेतली धाव मोजते. बचावपटूला चकवून ऐन वेळी वळणे, अंगावर माणूस असताना चेंडू धरणे, हे त्यात कुठे दिसणार?

वेग निरुपयोगी, असे कोणी म्हणणार नाही. पण निव्वळ वेगावर भिस्त? 2017 मध्ये जॉन रॉसने 4.22 सेकंदांचा तेव्हाचा विक्रम केला आणि त्याची नववी निवड झाली. त्याच ड्राफ्टमध्ये 69 वा आलेल्या, त्याच्याहून बऱ्याच मंद कूपर कपने 2021 च्या हंगामात 1,947 यार्ड मिळवले. राइसची कारकीर्द 22,895 यार्डांवर थांबली.