कानाले, जान्ना मारिया

कानाले, जान्ना मारिया : (१२ सप्टेंबर १९२७ – १३ फेब्रुवारी २००९). इटालियन चित्रपट-अभिनेत्री. ऐतिहासिक व पौराणिक साहसपटांतील राण्या, सम्राज्ञी, राजकन्या व समुद्री चाचे स्त्रिया यांच्या भूमिकांसाठी ती विशेष प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत लोकप्रिय झालेल्या साहसपटांच्या प्रकाराचा उदय, भरभराट व ऱ्हास हे तिन्ही टप्पे तिच्या सुमारे सतरा वर्षांच्या कारकीर्दीत सामावलेले आहेत. त्यामुळे तिचा वृत्तांत हा एका अभिनेत्रीचा वृत्तांत असून एका चित्रपटप्रकाराचाही इतिहास ठरतो.

तिचा जन्म दक्षिण इटलीतील रेज्जो काला्ब्रिया येथे झाला. १९४७ मध्ये ‘मिस इटालिया’ या सौंदर्यस्पर्धेत तिने भाग घेतला. ही स्पर्धा इटालियन चित्रपटाच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते. तीत लूचीआ बोझे हिला पहिला, कानालेला दुसरा व जीना लोल्लोब्रिजिदा हिला तिसरा क्रमांक मिळाला. सील्व्हाना मांगानो व एलेओनोरा रोस्सी द्रागो याही स्पर्धक होत्या. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या इटलीत चित्रपटव्यवसाय पुन्हा उभा राहत होता व त्याला नव्या चेहऱ्यांची गरज होती. ती या स्पर्धांनी पुरविली. मात्र एकाच स्पर्धेतून पुढे आलेल्या या तरुणींचे मार्ग लवकरच वेगळे झाले. मांगानोला जूझेप्पे दे सांतिसच्या रीझो आमारो (१९४९, म. शी. कडू भात) या चित्रपटाने, तर बोझेला मीकेलांजेलो आंतोनिओनीच्या क्रोनाका दी उन आमोरे (१९५०, म. शी. एका प्रेमाचा वृत्तांत) या चित्रपटाने समीक्षकांपुढे आणले. कानाले मात्र रिक्कार्दो फ्रेदा (१९०९–९९) या दिग्दर्शकाच्या साहसपटांकडे वळली. तिच्या पुढील कीर्तीचे स्वरूप आणि तिच्या वाट्यास आलेली उपेक्षा ही दोन्ही या एका घटनेने ठरविली.

*फ्रेदाचे चित्रपट* : ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे जन्मलेला फ्रेदा हा नववास्तववादाचा कडवा विरोधक होता. त्या काळी रोबेर्तो रोस्सेल्लीनी, व्हित्तोरिओ दे सीका यांच्या चित्रपटांमुळे इटालियन चित्रपटाला जगभर मान मिळाला होता. तथापि दैनंदिन दारिद्र्याचे चित्रण हे चित्रपटाचे कार्य नव्हे, गती, वैभव व कल्पित यांनीच पडदा व्यापला पाहिजे, अशी फ्रेदाची धारणा होती. घोडदौड, द्वंद्वयुद्ध, राजवाड्यातील कारस्थाने यांनी भरलेल्या त्याच्या चित्रपटांना भारदस्त व्यक्तिमत्त्वाची नायिका हवी होती. उंच बांधा, काळेभोर केस, रेखीव चेहरा व स्थिर, काहीशी गर्विष्ठ नजर यांमुळे कानाले या भूमिकांना साजेशी ठरली. पुढे ती फ्रेदाच्या खाजगी जीवनातही त्याची सहचरी झाली.

इल काव्हालिएरे मिस्तेरिओझो (१९४८, म. शी. रहस्यमय सरदार) या चित्रपटात व्हित्तोरिओ गास्समान याने कासानोव्हाची भूमिका केली, त्यात कानालेची पहिली लक्षणीय भूमिका होती. त्यानंतर फ्रेदा व कानाले ब्राझीलला गेले. तेथे इल ग्वारानी या संगीतिकेचा कर्ता कार्लूश गोमिश याच्या जीवनावरील चित्रपट, तसेच ऊ कासूला दू बारूल्यू (१९४९) हे चित्रपट फ्रेदाने तयार केले व दोहोंत कानालेने काम केले. इटलीत परतल्यावर दान्तेच्या महाकाव्यामुळे परिचित झालेल्या पिसाच्या सरदाराची कथा सांगणारा इल काँते ऊगोलीनो (१९४९), रशियातील पार्श्वभूमीवरचा ला व्हेंदेत्ता दी आक्विला नेरा (१९५१, म. शी. काळ्या गरुडाचा सूड) इ. चित्रपटांत तिने भूमिका केल्या. अमेरिकन सैन्यातील जपानी वंशाच्या सैनिकांवरील गो फॉर ब्रोक (१९५१) या हॉलिवुडच्या चित्रपटातही ती एका इटालियन तरुणीच्या छोट्या भूमिकेत दिसली. मात्र हॉलिवुडमध्ये तिचा जम बसला नाही.

स्पार्ताको (१९५३) हा फ्रेदाचा चित्रपट प्राचीन रोममधील गुलामांच्या बंडावर आधारलेला आहे. मास्सीमो जिरोत्ती याने स्पार्टाकसची, तर कानालेने क्रॅससची कन्या साबीना हिची भूमिका केली. बंडखोर गुलामाचे आकर्षण आणि स्वतःच्या वर्गाचा अभिमान यांत सापडलेली ही उमराव तरुणी म्हणजे कानालेच्या पुढील अनेक भूमिकांचे पूर्वरूप होय.

*तेओदोरा* : फ्रेदा व कानाले यांच्या सहकार्यातील सर्वांत भव्य चित्रपट म्हणजे तेओदोरा, इंपेरात्रीचे दी बिझान्त्सिओ (१९५४, म. शी. तेओदोरा, बायझंटियमची सम्राज्ञी) हा रंगीत चित्रपट होय. इटली व फ्रान्स यांच्या सहनिर्मितीतून तो तयार झाला. जॉर्ज मार्शाल या फ्रेंच नटाने सम्राट जस्टिनियनची भूमिका केली. इतिहासातील थीओडोरा (सु. ४९७–५४८) ही कॉन्स्टँटिनोपलच्या क्रीडागारातील अस्वले सांभाळणाऱ्या एका सेवकाची मुलगी. ती तरुणपणी रंगभूमीवर वावरली आणि पुढे सम्राटाची पत्नी व राज्यकारभारातील भागीदार झाली. ५३२ च्या नीका बंडाच्या वेळी पळून जाण्याच्या विचारात असलेल्या जस्टिनियनला तिने धीर दिला, असे इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. मात्र त्याच प्रोकोपियसने आपल्या गुप्त इतिहासात तिच्या चारित्र्याविषयी अत्यंत विषारी मजकूर लिहून ठेवला आहे.

फ्रेदाने या दुसऱ्या परंपरेला बाजूस सारून तेओदोराची बाजू घेतली. चित्रपटातील तेओदोरा रथशर्यतीत उतरते, सम्राटाचे मन जिंकते आणि दरबारी उमरावांच्या कारस्थानांना तोंड देत प्रजेची कैवारी बनते. इतिहासाशी हा चित्रपट फारसा प्रामाणिक नाही; तथापि नर्तकी म्हणून हिणवली गेलेली स्त्री सिंहासनावर बसते व त्या सिंहासनास पात्र ठरते, हे त्याचे सूत्र कानालेने ठामपणे पेलले आहे. सौंदर्यस्पर्धेतून पडद्यावर आलेल्या नट्यांकडे समाज ज्या नजरेने पाहत होता, ती लक्षात घेता या भूमिकेला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. कानालेच्या राजेशाही भूमिकांत ही एकच अशी, की जीत सत्ता हाती असलेली स्त्री शेवटी दंडित होत नाही.

*ई व्हांपिरी* : ई व्हांपिरी (१९५७, म. शी. रक्तपिपासू) हा बोलपटाच्या काळातील पहिला इटालियन भयपट मानला जातो. याची कथा पॅरिसमध्ये घडते. तरुण मुलींची रक्त शोषलेली प्रेते सापडू लागतात व एक पत्रकार त्यांचा शोध घेतो. या हत्यांच्या मुळाशी असते एक वृद्ध डचेस. एका शास्त्रज्ञाच्या साहाय्याने ती इतरांच्या रक्तातून तारुण्य मिळविते आणि स्वतःची पुतणी जिझेल म्हणून समाजात वावरते. ज्या पुरुषावर तिने एके काळी प्रेम केले, त्याचाच मुलगा म्हणजे हा पत्रकार. डचेस व जिझेल या दोन्ही रूपांत कानालेच आहे.

हा चित्रपट बारा दिवसांत पुरा करण्याचे फ्रेदाने मान्य केले होते. परंतु निर्मात्यांशी मतभेद होऊन त्याने तो अर्धवट सोडला व उरलेला भाग छायालेखक मारिओ बाव्हा (१९१४–८०) याने पूर्ण केला. जिझेलचा तरुण चेहरा प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत सुरकुतत जातो, हे दृश्य चित्रपटात विशेष गाजले. त्यात चित्रखंड तोडून जोडलेला नाही. कानालेच्या चेहऱ्यावर आधीच विशिष्ट रंगात सुरकुत्या रंगविलेल्या होत्या. त्याच रंगाच्या प्रकाशात त्या कृष्णधवल फितीवर उमटत नसत. प्रकाशाचा रंग हळूहळू बदलताच त्या उमटू लागत. ही युक्ती हॉलिवुडमध्ये १९३१ च्या सुमारास वापरली गेली होती. बाव्हाने ती अत्यंत कौशल्याने योजली. या दृश्याचे श्रेय बहुधा बाव्हाच्या तंत्राला दिले जाते. परंतु प्रकाश बदलत असताना चेहरा जागचा न हलविता त्यावर आधी गर्व, मग भीती व शेवटी हताशपणा उमटविणे हे काम अभिनेत्रीचे होते. तंत्र आणि अभिनय यांपैकी एक जरी उणे पडते, तरी ते दृश्य केवळ चमत्कृतीच राहिले असते.

इटलीत या चित्रपटाला फारसा प्रतिसाद मिळाला नाही. देशी प्रेक्षकांना भयपट ही परदेशी वस्तू वाटत होती. बाव्हाच्या ला मास्केरा देल देमोनिओ (१९६०, म. शी. सैतानाचा मुखवटा) या चित्रपटानंतर इटालियन भयपटांची लाट आली, तोवर फ्रेदा व कानाले यांचे सहकार्य संपुष्टात आले होते.

*पेप्लमचा काळ* : १९५५ मध्ये इटलीत चित्रपटाची सुमारे ८१.९ कोटी तिकिटे विकली गेली. हा तेथील उच्चांक होय. त्यानंतर दूरचित्रवाणीच्या प्रसारामुळे प्रेक्षकसंख्या घटू लागली. दूरचित्रवाणीवर न दिसणारे वैभव, म्हणजे रंग, रुंद पडदा व प्रचंड जनसमुदाय, प्रेक्षकांना देणे हा त्यावरील एक उपाय होता. रोमच्या चिनेचित्ता या चित्रनगरीत क्वो व्हॅडिस (१९५१) यासारखे अमेरिकन भव्यपट तयार झाल्याने तेथील कारागीर या कामात वाकबगार झाले होते. या परिस्थितीतून पिएत्रो फ्रांचीशी या दिग्दर्शकाचा ले फातीके दी एर्कोले (१९५८, म. शी. हर्क्युलीझचे पराक्रम) हा चित्रपट निर्माण झाला. अमेरिकन शरीरसौष्ठवपटू स्टीव्ह रीव्ह्ज याने नायकाची भूमिका केली. जोसेफ लेव्हाइन या वितरकाने १९५९ मध्ये तो अमेरिकेत प्रचंड जाहिरात करून एकाच वेळी सुमारे ६०० प्रतींद्वारे प्रदर्शित केला. त्याच्या यशामुळे पुढील सहा-सात वर्षांत अशा चित्रपटांचा पूर आला. फ्रेंच समीक्षकांनी त्यांना ‘पेप्लम’ हे नाव दिले. ते प्राचीन ग्रीक स्त्रियांच्या ‘पेप्लॉस’ या वस्त्रावरून आले आहे. पुरुषांच्या पिळदार शरीरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या चित्रपटांना स्त्रीच्या वस्त्राचे नाव मिळाले, हे लक्षणीय आहे.

या चित्रपटात कानालेने अ‍ॅमेझॉनांची राणी आंतेआ हिची भूमिका केली. बेटावर आलेल्या पुरुषांचा वध करावा, हा अ‍ॅमेझॉनांचा नियम. पण राणी स्वतःच जेसनवर अनुरक्त होते. राज्याचा नियम आणि स्वतःचे प्रेम यांतील हा पेच काही मोजक्या दृश्यांतच मांडलेला आहे. जेसनचे साथीदार त्याला गुंगीत बेटावरून घेऊन जातात आणि राणी किनाऱ्यावर मागे राहते.

पेप्लमच्या कथांत स्त्रियांचे दोन ठराविक साचे असत : एक निष्पाप, गौरवर्णी राजकन्या, दुसरी कृष्णकेशी, सत्ताकांक्षी राणी. पहिली नायकाला मिळे, तर दुसरी कथेच्या शेवटी नाश पावे. कानालेच्या वाट्यास बहुधा दुसरा साचा आला. व्हित्तोरिओ कोत्ताफाव्ही याच्या ला रिव्होल्ता देई ग्लादिआतोरी (१९५८, म. शी. ग्लॅडिएटरांचे बंड) या चित्रपटातील आर्मेनियाची महत्त्वाकांक्षी राजकन्या अमीरा, इल कॉन्क्विस्तातोरे दी कोरिंतो (१९६१) व माचिस्ते कॉन्त्रो इल व्हांपीरो (१९६१) यांतील भूमिका ही त्याची उदाहरणे होत. साचा तोच असूनही, या स्त्रियांच्या दुष्टपणामागे काही विचार आहे, असे ती प्रेक्षकाला पटवून देऊ शके. समुद्री साहसपटांत तिला अधिक मोकळीक मिळाली. ला व्हेनेरे देई पिराती (१९६०, म. शी. चाच्यांची व्हीनस) व ला तीग्रे देई सेत्ते मारी (१९६२, म. शी. सात समुद्रांची वाघीण) या चित्रपटांत ती स्वतः तलवार चालविते, जहाजाचे नेतृत्व करते व कथेचे केंद्र बनते.

याच सुमारास तिने काही ब्रिटिश चित्रपटांतही काम केले. द होल ट्रूथ (१९५८) या रहस्यपटात तिने एका चित्रपट-अभिनेत्रीची, तर ट्रेझर ऑफ मॉन्टे क्रिस्टो (१९६१) या साहसपटातही एक प्रमुख भूमिका केली.

*मूल्यमापन* : सर्जो लेओनेच्या पेर उन पून्यो दी दोल्लारी (१९६४, म. शी. मूठभर डॉलरांसाठी) या चित्रपटाच्या यशानंतर इटालियन निर्माते पश्चिमपटांकडे वळले. प्राचीन काळातील राण्यांना त्या रुक्ष वाळवंटात स्थान नव्हते. त्याच सुमारास, वयाची चाळिशी येण्यापूर्वीच, कानालेने चित्रपटसंन्यास घेतला. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ ती प्रसिद्धीपासून दूर राहिली.

तिच्या अभिनयाचा विचार करताना दोन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. एक म्हणजे, त्या काळी इटलीत चित्रीकरणानंतर संवाद स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करण्याची प्रथा होती व पुष्कळदा पडद्यावरील नटाला दुसऱ्याच कलावंताचा आवाज दिला जाई. परदेशी आवृत्त्यांत तर तो पुन्हा बदले. आवाज असा हातचा गेल्यामुळे साहसपटातील अभिनेत्रीला नजर, चाल व देहाची ठेवण यांवरच भिस्त ठेवावी लागे. दुसरी मर्यादा समीक्षेची. नववास्तववादाच्या प्रभावाखालील समीक्षकांनी साहसपटांची दखल केवळ बाजारू माल म्हणूनच घेतली. फ्रेदा, कोत्ताफाव्ही व बाव्हा यांचे पुनर्मूल्यमापन १९६० नंतर प्रथम फ्रेंच समीक्षकांनी केले. परंतु त्यातही भर राहिला तो दिग्दर्शकांवर. त्यांच्या चित्रपटांत वावरलेल्या अभिनेत्रींकडे दृश्यसजावटीचा एक भाग म्हणूनच पाहिले गेले.

कानालेची अभिनयशक्ती मर्यादित होती आणि भावनांचे सूक्ष्म पदर उलगडण्याची संधी तिला क्वचितच मिळाली, हे मान्य करावे लागते. परंतु पुठ्ठ्याच्या राजवाड्यात व उसन्या आवाजात वावरतानाही सत्तेचे भान, एकाकीपणा व अभिमान पडद्यावर उभे करण्याचे सामर्थ्य तिच्यात होते. स्पार्ताको, तेओदोरा व ई व्हांपिरी या तीन चित्रपटांवरून दिग्दर्शकाइतकीच तिचीही ओळख पटते. तारुण्य टिकविण्यासाठी धडपडणाऱ्या डचेसची भूमिका तिने तिशीच्या उंबरठ्यावर केली आणि सौंदर्याला दिलेल्या अवाजवी मोलाची शोकांतिका त्यात दाखविली. ती भूमिका तिच्या कारकीर्दीतील सर्वांत टिकाऊ ठरली. मध्य इटलीतील सूत्री येथे ती मरण पावली.