उशिरा जोडलेली नळी

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझा एक अहवाल चुकला. बारा महिन्यांच्या बारा फायली. प्रत्येकीतून एक आकडा काढून आलेख करायचा, एवढंच काम. 'आर' भाषेत मी ते कंसात कंस घालत लिहिलं. फेब्रुवारीची फाइल रिकामी होती. 'एसअ‍ॅप्लाय' या फंक्शनने तक्रार केली नाही, आकड्यांच्या रांगेऐवजी गुपचूप यादी परत दिली. बाहेरच्या कंसात ती सपाट झाली, अकराच आकडे उरले आणि मार्चचा आकडा फेब्रुवारीच्या जागी जाऊन बसला.

चूक शोधायला दोन दिवस लागले, कारण तो कोड आतून बाहेर वाचावा लागत होता. दुरुस्त करताना पाइप आणि मॅप शिकले, मग त्यांचा इतिहास वाचत गेले.

पाइपची कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधली. बागेतल्या नळीला दुसरी नळी जोडावी तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत, असं डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये लिहून ठेवलं. १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ते युनिक्समध्ये आणलं. मॅपचं घराणं वेगळं. यादीतल्या घटकांवर एकच फंक्शन चालवण्याची रीत जॉन मॅकार्थी यांनी १९६०च्या लिस्पवरच्या निबंधात मांडली होती.

गंमत म्हणजे 'आर'ची आई, 'एस' ही भाषा, १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्येच सुरू झाली. म्हणजे पाइप शेजारच्या खोलीत असल्यासारखा! तरी भाषेत आला नाही. ऑकलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकात 'आर' घडवली, तेव्हा एकेका घटकावर फंक्शन चालवायची सोय वारशाने आली. कंसांची उतरंडही आली.

२०१४ मध्ये स्टीफन मिल्टन बाख यांच्या 'मॅग्रिटर' पॅकेजने %>% हे चिन्ह दिलं. पाइपचं चित्र काढून त्याखाली 'हा पाइप नव्हे' असं लिहिणाऱ्या चित्रकार मॅग्रिटवरून हे नाव. पुढच्याच वर्षी हॅडली विकम यांचं 'पर' आलं आणि मॅप नळीत बसला. २०२१ मध्ये 'आर ४.१.०'ने |> हे चिन्ह भाषेतच घेतलं.

दोघांची कामं मात्र वेगळी, आणि नवशिके इथेच अडखळतात. पाइप डावीकडची अख्खी वस्तू उजवीकडे देतो; मॅप ती फोडून एकेक घटक फंक्शनच्या हाती ठेवतो. माझा कोड आता असा आहे:

फायली |> मॅप(वाच) |> मॅप_डीबीएल(आकडा_काढ)

मराठीत आपण 'डाळ धुऊन, शिजवून, घोटून फोडणी दे' म्हणतो, त्याच क्रमाने हे वाचता येतं. 'डीबीएल' ही अट आहे: प्रत्येक फाइलमागे नेमका एक आकडा हवा. रिकामी फाइल आली की कोड तिथेच थांबतो, आणि आताच्या आवृत्त्या कितव्या घटकापाशी अडलं तेही सांगतात.

नव्या कोडवर जुन्या फायली चालवून पाहिल्या. दुसऱ्या घटकावर लाल अक्षरं आली. दोन दिवस शोधलेला फेब्रुवारी तो.