हत्तीच्या शेजारी : कॅनडा, अमेरिका आणि जाहिरातींचा पैसा

१९६९ मध्ये वॉशिंग्टन येथे बोलताना कॅनडाचे पंतप्रधान पियरे ट्रुडो यांनी अमेरिकेच्या शेजाराची तुलना हत्तीशेजारी झोपण्याशी केली. हा शेजार सहसा सीमा आणि करारांतून सांगितला जातो. जाहिरातींच्या पैशाकडे पाहिले की तो अधिक उलगडतो.

१९२० च्या दशकात कॅनडातील घरांत अमेरिकी रेडिओ केंद्रे सर्रास ऐकली जात. १९२८ मध्ये सर जॉन एअर्ड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. एअर्ड हे बँकर, समाजवादी मुळीच नव्हेत. तरीही आयोगाने सार्वजनिक मालकीच्या प्रसारणाची शिफारस केली. १९३६ मध्ये सीबीसी उभी राहिली.

नियतकालिकांचा प्रश्न अधिक अवघड ठरला. ‘टाइम’च्या कॅनडा आवृत्तीतील बराचसा मजकूर मूळ अमेरिकी अंकाचाच असे. त्याचा खर्च तिकडेच निघालेला, त्यामुळे कॅनडातील जाहिरातींचे उत्पन्न जवळजवळ निव्वळ नफाच. १९६५ मध्ये अर्थमंत्री वॉल्टर गॉर्डन यांनी नियम आणला : परदेशी नियतकालिकांतील जाहिरातींचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा होणार नाही. गंमत अशी, की त्यातून ‘टाइम’ व ‘रीडर्स डायजेस्ट’ यांनाच सूट मिळाली. म्हणजे ज्यांच्यासाठी जाळे विणले तेच मासे बाहेर! कारण त्याच वर्षी झालेल्या मोटार-व्यापार कराराला अमेरिकी काँग्रेसची संमती हवी होती. गॉर्डन यांनी पुढे हे कबूलही केले. गॉर्डन यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. पण मोटार कारखान्यांतील रोजगार त्या करारावर अवलंबून होता.

ही सूट १९७६ मध्ये रद्द झाली आणि ‘टाइम’ने कॅनडा आवृत्ती बंद केली. त्याच कायद्याने सीमेपलीकडील अमेरिकी दूरचित्रवाणी केंद्रांवरील जाहिरातींनाही तोच नियम लावला. अमेरिकेने १९८४ मध्ये तसाच उलट कायदा करून परतफेड केली.

जून २०२३ मध्ये कॅनडाने बातम्यांचा मोबदला वृत्तसंस्थांना देण्याचा कायदा केला. गूगलने वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले. मेटाने मात्र ऑगस्टपासून फेसबुक व इन्स्टाग्रामवरील बातम्याच बंद केल्या. त्याच महिन्यात वणव्यामुळे यलोनाइफ शहर रिकामे करावे लागले, आणि पळणाऱ्या लोकांना तेथे बातमीचा दुवाही पाठवता येईना.

पुढे डिजिटल सेवांवर ३ टक्के कर आला. पहिला भरणा ३० जून २०२५ रोजी देय होता. २७ जूनला ट्रम्प यांनी व्यापारवाटाघाटी थांबवल्या. २९ जूनच्या रात्री कॅनडाने कर मागे घेत असल्याचे जाहीर केले.