बालकर्करुग्णांच्या कुटुंबांना धर्मादाय साहाय्य (मुंबई)

कर्करोगावरील उपचारांसाठी मुंबईत येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना निवारा, शिधा, प्रवासखर्च आणि औषधे यांसाठी सेवाभावी संस्थांकडून मिळणारी मदत. या मदतीचे केंद्र परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय. सर दोराबजी टाटा ट्रस्टने ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू केले. १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. मराठवाडा-विदर्भाबरोबरच बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल आणि ईशान्येकडूनही लोक मुलांना घेऊन येथे येतात.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा. त्याच्या नेहमीच्या प्रकारात उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. शेवटचा बराच काळ घरी गोळ्या घेऊन आणि ठरलेल्या तारखांना तपासणीला येऊन निभावतो, पण सुरुवातीचे सहा-आठ महिने रुग्णालयाजवळच काढावे लागतात. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात, त्यालाच पालक ‘काउंट पडले’ म्हणतात. अशा वेळी साधा तापही जिवावर बेतू शकतो आणि काही तासांत प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. पाणी उकळलेले हवे, अन्न ताजे शिजवलेले हवे, गर्दी टाळायला हवी. परळच्या पदपथावर ताडपत्रीखाली राहणाऱ्या कुटुंबाने हे कसे पाळावे? त्यात बाप रोजंदारीवर असेल तर मुंबईला येताच त्याची मजुरी बंद होते, आणि गावी आजीजवळ ठेवलेल्या धाकट्यांचा खर्च काही थांबत नाही.

शासनाच्या योजना या दुखण्यापर्यंत पोहोचत नाहीत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते प्रामुख्याने रुग्णालयातल्या उपचारांचे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, हे बंधन महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेतून आले. तेही खाटेपुरतेच. रेल्वेची सवलत तेवढी खरोखर उदार आहे : उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात भाडे पूर्ण माफ, तर सोबत्याला ७५ टक्के सूट. मुंबईत उतरल्यावर डोके कुठे टेकायचे, हा प्रश्न मात्र संस्थांवर सोडलेला आहे.

परंपरेने त्याचे उत्तर धर्मशाळेने दिले. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी ओळखली जाते. परळची नाना पालकर स्मृती समितीही बाहेरगावच्या रुग्णांची सोय करते. पण तिथे मोठी माणसेही असतात आणि मुक्कामाला मुदत असते. केवळ मुलांचा विचार करून रचलेली व्यवस्था २००६ मध्ये सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सने मुंबईत सुरू केली. निहाल आणि श्यामा कविरत्ने हे तिचे संस्थापक. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा, शिधा, रुग्णालयापर्यंत वाहन, समुपदेशन आणि मुलांचे शिकवणे, सारे विनामूल्य. कॉटन ग्रीनला बंदर न्यासाच्या जुन्या इमारतींत तिचे मोठे संकुल आहे, शिवाय खारघरला आणि दिल्ली, कोलकाता, हैदराबाद अशा शहरांतही केंद्रे आहेत.

या केंद्रांतली कल्पक गोष्ट म्हणजे स्वयंपाकघर. तयार डबे पोहोचवणे व्यवस्थापनाला सोपे गेले असते. त्याऐवजी सामाईक स्वयंपाकघरात प्रत्येक आईला स्वतःचा ओटा आणि शेगडी मिळते. एका शेगडीवर भाकरी भाजत असते, शेजारी माशाचा रस्सा उकळत असतो. केमोमुळे तोंडाची चव गेलेले मूल आईच्या हातचे दोन घास खाते, आणि भाषा न समजणाऱ्या दोघी बाया एकमेकींना मुलाचे काउंट विचारतात. समुपदेशनाचा अर्धा भाग इथेच उरकत असावा.

टाटा रुग्णालयातील बालकर्करोग विभागाला जोडून काम करणाऱ्या इम्पॅक्ट फाउंडेशनने औषधे, निवास आणि पाठपुरावा एका हाताखाली आणला. तारखेला न आलेल्या मुलाच्या घरी फोन जातो, कारण विचारले जाते, अडचण भाड्याची असेल तर भाडे दिले जाते. २००९ च्या सुमारास तिथे पाचातले एक मूल उपचार नाकारत किंवा अर्धवट सोडत असे. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आले. श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून अधिक बालकर्करुग्ण बरे होतात, गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या दरीची कारणे अनेक असली, तरी सुटलेले उपचार हे त्यांपैकी ठळक कारण आहे. म्हणून निवास आणि प्रवासखर्च यांना दान म्हणण्यापेक्षा उपचाराचाच भाग म्हणणे योग्य.

देणगीदारांचा कल मात्र वेगळा असतो. मुलाचा केविलवाणा फोटो लावून ऑनलाइन निधी उभारणे आता सर्रास झाले आहे. त्यातून काही मुलांना महागडे उपचार मिळतात हे खरे, पण पैसा ज्याचा फोटो मनाला भिडतो त्याच्याकडे जातो आणि कुटुंबाचे दुःख कायमचे इंटरनेटवर राहते. विजेचे बिल, गॅस, सफाई कामगाराचा पगार यांसाठी कुणी फोटो लावत नाही. निवास चालतात ते याच खर्चावर.

मदत हवी असलेल्या कुटुंबाने धर्मशाळा शोधत हिंडण्याऐवजी आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात नोंद करावी. मुलांसाठीच्या निवासांत प्रवेश सहसा रुग्णालयाच्या शिफारशीवरच मिळतो.