निळ्या वायरीची गोष्ट

गटाच्या जुन्या मॉनिटरमागे निळ्या टोकाची जाड वायर असते. तिला व्हीजीए म्हणतात. आज तिचीच गोष्ट.

१९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि देशात रंगीत टीव्ही आला. पुढे आपल्या पैठण रस्त्यावर चितेगावात व्हिडिओकॉनचा कारखाना चालला. तेव्हाच्या टीव्हीत काचेची पिक्चर ट्यूब असायची. लाल, हिरवा, निळा या तीनच रंगांतून सगळं चित्र उमटायचं. व्हीसीआर जोडला की तिन्ही रंग एकाच पिवळ्या वायरीतून मिसळून यायचे. पिक्चर बघायला ते पुरायचं, पण बारीक अक्षरं पुसट व्हायची. कॉम्प्युटरवर तर अक्षरंच वाचायची! १९८७ साली आयबीएम कंपनीने व्हीजीए आणलं. पिना १५, आणि प्रत्येक रंगाला वेगळी तार.

म्हणूनच आजही चित्र अचानक हिरवट-निळसर दिसलं, तर लाल रंगाची पिन वाकलेली किंवा वायर सैल असू शकते. आधी ती बघावी.

मग सपाट पडदे आले, पिक्चर ट्यूब गेली. २०१८ साली व्हिडिओकॉनची दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. नव्या लॅपटॉपला बहुधा निळ्या वायरीची जागा नसते, एचडीएमआयची असते. पण तेवढ्याने जुना मॉनिटर भंगारात जात नाही. मधे लावायचा छोटा कन्व्हर्टर मिळतो. दुकानात ‘एचडीएमआयचं व्हीजीए करणारा’ असंच सांगून मागायचा, उलटा चालत नाही. व्हीजीएतून आवाज मात्र जात नाही.

पैसा बचतीचा आहे. नव्या मॉनिटरचा ठराव लिहिण्याआधी आपण सगळ्याजणी मागची वायर बघून घेऊ.